दहाजणींचा फोटो

"दहाच्या दहाजणी पाहिजेत. मशीनजवळ उभ्या राहा, हसऱ्या चेहऱ्यानं," योजनेच्या कार्यालयातून पाहणीला आलेल्या मृण्मयी मॅडमनी मोबाईल वर धरला. "बाराच्या आत फोटो गेला नाही, तर बचत गट बंद पडला असं धरतात. मशीन मग दुसऱ्या गावाला."

पडेगावातली पत्र्याची खोली. कुरडईच्या मशीनवर अजून दसऱ्याचं हळदकुंकू होतं. कोपऱ्यातल्या घमेल्यांत तीन दिवसांपासून गहू भिजत होता. त्याचं पाणी रोज बदलावं लागतं. दोन दिवस ते बदललं नव्हतं.

"हा आंबूस वास कसला?" मॅडमनी विचारलं.

"पाण्याचा," गटाच्या अध्यक्षा द्वारकाबाई म्हणाल्या. "नसलेल्या."

कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला. नवव्या दिवशी. दहाही माना दाराकडं वळल्या.

"हलू नका गं. मशीन गेलं तर परत भेटायचं नाय," द्वारकाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"अन् टँकर गेला तर?" सत्यभामा फणकारली. "आठ दिस लेकरांना काय मशीन पाजू?"

"दोन मिनिटं, ताई. नेट येत नाहीये. त्याशिवाय अ‍ॅप फोटोच घेत नाही." मॅडम मोबाईल उंच धरून दाराशी सरकल्या. बाराला आठ मिनिटं कमी होती. पलीकडं नव्या इमारतीच्या स्लॅबवर पाइपनं पाणी मारणं चालू होतं. अलीकडं हंड्यांवर हंडे आदळत होते.

सत्यभामा निघाली. द्वारकाबाईंनी तिचा पदर धरला. धरून ठेवला. घमेल्याकडं पाहिलं. मग पदर सोडला आणि वाकून स्वतःच दोन हंडे उचलले.

"चला गं."

"अहो, मशीन जाईल! वरचे माझं ऐकत नाहीत!"

"भरून येतो. तवर राहिलं, तर आमचं."

खोली रिकामी झाली. दहाजणींतल्या मागं राहिल्या फक्त मनकर्णाबाई. गुडघ्यांमुळं त्यांना पळवेना. त्यांनी डोईवरचा पदर सारखा केला, मशीनवर हात ठेवला.

"घ्या काढून. मी हाय की."

"एकटीचा चालत नाही, मावशी."

"व्हय?" मनकर्णाबाईंनी आपला रिकामा हंडा मॅडमच्या पुढं केला. "मंग तुमचे तर पाय चांगले हायेत, बाई. पळा. मोबाईल मी धरते."