शेवटची गाठ

"सांगा बघू, नेता म्हणजे कोण?" बालवर्गाच्या बाईंनी विचारलं.

"जो सगळ्यांच्या पुढे असतो तो," पोरं एका सुरात म्हणाली.

"अंहं. संकटात आधी सगळ्यांना बाहेर काढतो आणि स्वतः शेवटी निघतो, तो नेता. आपल्या वर्गाची नेता मी. मग शेवटी कोण निघणार?"

"बाई," सगळा वर्ग म्हणाला.

मग बाईंनी गाठी मारलेला लांब दोर काढला. एकेकाला एकेक गाठ धरायला दिली आणि आग लागली तर मैदानात कसं जायचं, याची तालीम करून घेतली. शेवटची गाठ वर्गातल्या सगळ्यात लहान पोरीकडे होती. तिला सगळे चिमणी म्हणायचे. चिमणीच्या मागे बाई.

आठवड्याभरातच जिन्याखालच्या मीटरच्या पेटीने खरोखर पेट घेतला. धूर वर्गात शिरला तसं बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी दोराचं पुढचं टोक धरलं आणि पोरांना ओढतच मैदान गाठलं. वळून पाहिलं, तर शेवटची गाठ मोकळी होती.

शिपाईमामांनी चिमणीला उचलून बाहेर आणलं, तेव्हा ती काजळीने माखली होती आणि खोकून खोकून बेजार झाली होती.

"अगं, दोर का सोडलास तू?" तिला छातीशी धरून बाईंनी विचारलं.



"मागे बघितलं तर तुम्ही नव्हता. म्हणून तुम्हाला शोधायला परत आत गेले."