वर चढणारा वाफा

"तुम्हाला तीन महिन्यांपासून ठाऊक होतं आणि तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात!" शेवंता गायकर बागेच्या कार्यालयात कडाडली, तेव्हा तिचे हात मातीनं भरलेले होते. काचेमागचा साहेब मान वर करेना.

या सार्वजनिक बागेतल्या फरश्या माणसाची चाल वाचत आणि त्याचा वाफा त्याच्या अंगाला बेतून वरखाली करत. शेवंताचा वाफा जमिनीलगत होता. साठीतही ती उकिडवं बसून मेथी खुरपायची. मग तीन महिन्यांपूर्वी तो दर आठवड्याला आधीपेक्षा चार बोटं अधिक वर यायला लागला. यंत्रच बिघडलंय म्हणत ती कळ दाबून त्याला खाली उतरवायची.

आज मात्र तो उतरलाच नाही. शेजारी चाकाच्या खुर्चीत बसून बाबल मास्तर टोमॅटोचे वेल बांधत होते.

"मास्तर, बघा की, तुमच्या वाफ्याच्या बरोबरीला आलाय. लाडावलाय मेला!"

मास्तर हसले नाहीत. त्यांच्या हातातली सुतळी गळून पडली.

"शेवंताबाई, मी चालत होतो ना, तेव्हा माझाही असाच चढला होता."

ती तशीच मातीच्या हातांनी या कार्यालयात आली होती.

"बाग आजार सांगत नाही, बाई," साहेब अखेर पुटपुटला. "फक्त सोय करते. तसा नियम आहे."

"सोय?" शेवंतानं मातीचा पंजा काचेवर आपटला. "पाय वाचवायची वेळ होती, तेव्हा एका शब्दानं का नाही सांगितलंत? उभं राहता येतंय तोवर मी इथंच उभी आहे. बोला!"