जागेअभावी

अर्धं आयुष्य प्रयोगशाळेत घालवून ती नुकतीच पेपरात रुजू झाली होती. तिची पहिली मोठी बातमी पडद्यावर होती : ‘उपवासाने मधुमेह बरा!’ मथळ्यातून संपादकांनी एक शब्द उडवला होता.

“सर, ‘उंदरांमधला’ राहू द्या. प्रयोग फक्त उंदरांवर झालाय.”

“उंदीर दिसला की वाचक पान उलटतो. आत आहे ना ते?”

“आतूनही तुम्हीच काढलंत.”

“जागा नव्हती. तुम्हा लॅबवाल्यांना प्रत्येक वाक्याला शेपूट लागतं. पान छपाईला चाललंय. बोल, बातमीवर तुझं नाव ठेवू की काढू?”

तिने पडद्याकडे पाहिलं. पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत तिचं नाव.

“ठेवा,” ती म्हणाली.

बातमी छापून आली, त्याच्या दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला, पण खुशीत.

“तुझी बातमी सगळ्या शेजाऱ्यांना दाखवली बघ.”

“बाबा, आवाज असा का येतोय? इन्सुलिन घेतलंत ना?”

“बंद केलं. पोटात अन्नाचा कणही नाही परवापासून.”

“बाबा! अहो, नुसती बातमी वाचून...”

“अगं, मी काय खुळा आहे? लॅबमध्ये असताना तूच बजावायचीस ना, असली बातमी आली की आधी उंदीर शोधा म्हणून? भिंग घेऊन शोधले. एकही नव्हता.”