चिठ्ठीतली बाजू

धम्मदीनाने चिठ्ठी उलगडली आणि पुन्हा तिची घडी घातली. वर्गात भरणाऱ्या त्या लुटुपुटूच्या कोर्टात, मूटमध्ये, तिच्या वाट्याला हॉस्पिटलची बाजू आली होती.

"सर, मला दुसरी बाजू मिळेल?"

मुजुमदार सरांनी चष्म्यावरून पाहिलं. दिवसा ते वकिली करत, संध्याकाळी एलएलबीच्या वर्गाला शिकवायला येत. "बेटा, पक्षकार दारात आला की काय चिठ्ठी बदलून मागणार?"

वर्ग हसला. शेजारचा स्वप्निल पुटपुटला, "ले लो यार. हॉस्पिटलवाले फीस तरी टाइमपे देतात."

ती हसली नाही. स्वप्निलला ठाऊक नव्हतं. कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिचे बाबा हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला चालत गेले होते. रात्री रक्तस्राव सुरू झाला आणि सकाळपर्यंत एकही डॉक्टर वॉर्डात फिरकला नाही. बाबा त्यातच गेले. ग्राहक आयोगात तक्रार लावली, तेव्हा दर तारखेला ती आपल्या वकिलामागे उभी राहायची आणि पुढे काय बोललं जातंय ते तिला कळायचं नाही. चौतिशीत, ऑफिस सांभाळून, तिने कायद्याला प्रवेश घेतला तो एवढ्यासाठीच. बाबांच्या केसमध्ये काय चाललंय ते निदान समजावं.

सगळी तक्रार बेबीवर उभी होती. बेबी त्या वॉर्डातली नर्स. आपण डॉक्टरांना पुन्हा पुन्हा फोन केले आणि कुणी आलं नाही, असं तिने शपथेवर लिहून दिलं होतं. त्यापायी तिची नोकरी गेली.

"कागद सगळे त्यांच्या हातात आहेत," धम्मदीनाच्या वकील शिवांगी मॅडम म्हणाल्या होत्या. "अपने पास फक्त बेबी आहे. ती घरची नाही, बाहेरची आहे, म्हणून तिच्या शब्दाला वजन."

मायलेकींनी तेव्हा एकमेकींकडे पाहिलं नव्हतं. बेबी महूची. बाबा ज्या गल्लीत वाढले, त्याच गल्लीतली. नर्सिंगला तिला बाबांनीच घातलं होतं आणि ती त्यांना मामा म्हणायची. नातं रक्ताचं नव्हतं, लग्नाचं नव्हतं. कुणी विचारलं नाही, मग कुणी सांगितलंही नाही.

मूटचा प्रश्न सरांनी स्वतः लिहिला होता. काल्पनिक शहर, काल्पनिक रुग्ण, ऑपरेशननंतरचा मृत्यू, साक्षीला एकटा वॉर्डबॉय. तिने तो दोनदा वाचला. मग तिने स्वतःला समजावलं, हॉस्पिटलं सगळीकडे सारखीच.

घरी, राजेंद्र नगरला, आई भाजी निवडत बसली होती.

"त्यांच्या बाजूने बोलणार तू?"

"खोटं खोटं असतं ते, आई."

प्रेमलताबाईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. "मग खोटंच बोल. चांगलं नको बोलू."

पण मूटच्या दिवशी उभी राहिल्यावर तिला वाईट बोलता येईना. आपली केस कुठे मोडेल या धास्तीने तिने कित्येक रात्री काढल्या होत्या. त्या जागेवर फक्त बोट ठेवायचं होतं.

"साक्षीदार मयताचा कुणी लागत नाही, असं शपथपत्र म्हणतं," ती म्हणाली. "कागदावर शोधून नातं सापडणार नाही, हे मला मान्य आहे. मी साक्षीदाराला एकच विचारीन. तू मयताला हाक काय म्हणून मारायचास?"

समोरच्या बाजूने स्वप्निल उठला, कागद चाळले आणि खाली बसला. "भिया, मेलो," एवढंच ऐकू आलं.

सरांनी तिचा पहिला नंबर काढला. सगळे पांगल्यावर जिन्याशी थांबवलं.

"हे सुचलं कुठून? किताबात तर नाही."

"आमच्याकडे असंच असतं, सर. महूला आख्खी गल्ली आमच्या बाबांना मामा म्हणायची. रक्ताचं कुणीच नाही. त्यातली एक तर नर्स झाली, तरी मामाच म्हणायची."

"म्हणायची?"

"बाबा गेले, सर."

"अरेरे." सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाबा गेल्यापासून कुणा वडीलधाऱ्याने असा हात ठेवला नव्हता. स्कूटीवर घरी पोचेपर्यंत ती रडत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

पुढची तारीख बेबीच्या उलटतपासणीची होती. आयोगाच्या व्हरांड्यात प्रेमलताबाईंनी डब्यातून आणलेलं थालीपीठ बेबीला बळेच खायला लावलं. "उपाशी पोटी बोलू नये गं. आवाज कापतो."

"मामी, मी घाबरत नाही. जे पाहिलं तेच सांगायचंय ना?"

"इथे मामी नको म्हणू," धम्मदीना हळूच म्हणाली.

शिवांगी मॅडम घाईने आल्या. "हमेशा त्यांचा ज्युनियर येतो. आज म्हणे कोणी सीनियरला आणतायत. येऊ द्या. बेबी पक्की आहे."

आत पुकारा झाला. बेबीने शपथ घेतली. तेवढ्यात दार ढकलून काळ्या कोटातले मुजुमदार सर आत आले.

वर्गातल्या सवयीने धम्मदीना उठून उभी राहिली.

"कोण गं?" आईने विचारलं.

"आमचे सर."

"बाई, बरं झालं," प्रेमलताबाईंनी सुस्कारा सोडला. "आपल्या ओळखीचे निघाले."

सर त्यांच्या समोरून पुढे गेले. पलीकडच्या टेबलावर त्यांनी फाइल ठेवली, गळ्याचा पांढरा बँड सारखा केला आणि बेबीकडे वळून, वर्गात बोलत तितक्याच मऊ आवाजात म्हणाले,

"बेबीजी, मेरा बस एक ही सवाल है. आप मृतक को क्या कहकर बुलाती थीं?"