जादूगाराला तलवार का चालत नाही

फाशांच्या खेळात सासऱ्यांचा योद्धा ड्रॅगनपुढे घायाळ पडला होता. त्याची तलवार सुनेच्या जादूगारापासून हातभर अंतरावर होती आणि त्या जादूगाराचा एकुलता एक मंत्र वापरून संपला होता. आता हरले की खेळ पहिल्यापासून.

"मी तलवार उचलते," सून म्हणाली.

"जादूगाराला तलवार चालत नाही," खेळ चालवणाऱ्या सासूबाई म्हणाल्या.

"का? हात भाजतो?"

"नाही गं. नियम आहे."

सून पदार्थविज्ञान शिकवत असे. हरण्यापेक्षा कारण नसलेले नियम तिला अधिक सलत. "आई, नियमाला काही कारण असेलच ना?"

सासूबाईंनी समोर पाहिले. सासरे अचानक फासे पुसण्यात गढून गेले होते.

"आहे की. लग्न झालं तेव्हा मी जादूगार व्हायचे. मंत्रही माझे, तलवारही माझी. यांच्या योद्ध्याला मशाल धरण्यापलीकडे काम उरेना. मग एक दिवस यांनी हा नियम काढला, आणि मीही म्हटलं, असू दे."

"म्हणजे मी मरायचं?"

"छे. उचल तू."

सासऱ्यांनी फासे मुकाट्याने सुनेपुढे सरकवले.

"बरं," ते म्हणाले, "मशाल मी धरतो."