मुंडावळ्यांचं गूढ

"आण ते पुस्तक," सुमंगलाबाईंनी हात पुढे केला.

उर्वशीने पुस्तक पदराआड घेतलं. "आई, एकशेबाराव्या पानापर्यंत झालंय. अजून आठ दिवस द्या ना."

"बावीस दिवस झाले. आपला नियम किती दिवसांचा?"

"आठ."

"सासू वाचक मंडळाची अध्यक्ष आणि सून नियम मोडते! छान दिसतं." सुमंगलाबाई बैठकीकडे वळल्या. धारहून सगुणाबाई आणि नीलकंठराव सकाळच्या बसने देवासला आले होते. बाकी चौघं, सुमंगलाबाई धरून, देवासचेच. पोह्यांच्या बशा हातोहात फिरत होत्या. सगुणाबाईंचा गुरुवार होता. त्यांच्यापुढे एक केळं आणि वाटीभर दूध.

धार-देवास वाचक मंडळाचे नियम दोनच. पुस्तक एका घरी आठ दिवस. आणि शेवट कोणी कोणाला सांगायचा नाही.

'मुंडावळ्यांचं गूढ' ही कादंबरी सुचवली होती खुद्द सुमंगलाबाईंनी. ऐन मंगलाष्टकांत नवरदेव नाहीसा होतो, पाटावर नुसत्या मुंडावळ्या उरतात. आचाऱ्याची मुलगी त्याचा शोध घेते. झेंडूने शिंका येणारा एक फौजदार तिच्या मागे मागे फिरतो आणि फिरता फिरता तिच्या प्रेमात पडतो. सुमंगलाबाईंनी ग्रुपवर लिहिलं होतं, "हास्य, रहस्य आणि प्रेम, तिन्ही एका ताटात! शेवटच्या पानापर्यंत गुन्हेगार कळत नाही. अवश्य वाचा."

मग पुस्तक घरोघर फिरलं. मलपृष्ठाला आतून चिकटवलेल्या कागदावर सहा अभिप्राय जमले. नीलकंठरावांनी लिहिलं होतं, "गुन्हेगार मी चाळिसाव्या पानावरच ओळखला, तरीही शेवटाने चकवलं." सगुणाबाईंनी लिहिलं होतं, "शेवट इतका गोड की देवापुढे साखर ठेवली." नवव्या पानावरची फौजदाराची शिंक तर सहाही जणांना फार आवडली होती.

सातवी ओळ उर्वशीची. पेन्सिलीने, थोडी वाकडी. "मी सावकाश वाचते. मला खूप हसू येतं. अजून शेवट नाही आला."

"हा अभिप्राय आहे?" सुमंगलाबाईंनी तो सगळ्यांना दाखवला. "हिंदीत शिकलेली पोर. एक पान वाचायला भाजी शिजायचा वेळ लागतो. मी म्हटलं, मंडळात घेऊ, सुधारेल."

"जाऊ द्या वहिनी," नीलकंठराव पोह्यांवर शेव भुरभुरत म्हणाले. 'भिया', म्हणजे भाऊ, हे माळवी सवयीने ते बायकांनाही म्हणत. "वाचन सगळ्यांना झेपत नाही, भिया. त्याला बैठक लागते."

"म्हणून मी ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून उर्वशीचं नाव कमी. बैठकीच्या दिवशी तिने चहा-पोह्यांचं पाहावं. पुस्तक आज मराठी समाजाच्या वाचनालयात जमा होईल."

उर्वशीने मान खाली घातली. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. या घरात तिला कोणी एखादी गोष्ट वाचायला सांगितली होती ती याच मंडळाने. रोज दुपारी भांडी आवरून, ओळीखाली बोट ठेवून ती फौजदाराबरोबर हिंडत होती.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण मग कोणी तरी फक्त एवढं सांगा ना, नवरदेव गेला कुठे? मला रात्रीची झोप नाही येत."

नीलकंठरावांनी घसा साफ केला. "शेवट सांगितला की मजा जाते."

"नियम आहे," सुमंगलाबाई म्हणाल्या.

सगुणाबाईंनी केळं खाली ठेवलं. त्या मंडळात कधी मोठ्याने बोलत नसत. रोज पोथीचा एक अध्याय, गुरुवारी उपास, आणि कोणाचं मन दुखवायचं नाही, असे त्यांचे नेम. "सुमंगलाताई, सांगायला बंदी आहे, वाचायला नाही ना? शेवटची चार पानं मीच वाचून दाखवते हिला. इकडे दे गं, बाळ."

"कशाला उगीच!" सुमंगलाबाई म्हणाल्या; पण तोवर पुस्तक सगुणाबाईंच्या मांडीवर आलं होतं.

त्यांनी चष्मा लावला. शेवटचं पान धरलं. ते उघडेना. त्याच्या मागची आठ-दहा पानं एकदमच वर आली. त्यांनी आणखी मागे पाहिलं. बाइंडिंगचा गोंद कडेने ओघळून सुकला होता, आणि एकशेतेरापासून पुढे सगळं पुस्तक एका विटेसारखं घट्ट होतं. त्यांनी मागून पुढे अंगठा फिरवला. एकशेबारापर्यंतची पानं सुटी होती. पहिली सोळा अगदी स्वच्छ. सतरापासून प्रत्येक पानाच्या कडेला गोंदाचा बारीक खरखरीत काठ होता, हलक्या हाताने एकेक सोडवल्याचा.

सगुणाबाईंचा अंगठा थांबला. त्यांच्या ओठांवर नेहमीचा जप आला, पण अर्ध्यातच अडकला. नीलकंठरावांनी मान लांब करून पाहिलं. त्यांचा चमचा बशीवरच राहिला. देवासची मंडळी एकदम छताच्या पंख्याकडे बघू लागली.

"उर्वशी, चहा टाक," सुमंगलाबाई घाईने म्हणाल्या.

"मावशी, थांबा, असं ओढू नका, फाटेल." उर्वशी पुढे झाली. तिने पिशवीतून प्लास्टिकची फूटपट्टी काढली. "पट्टी लागते. मी रोज चार-पाच पानं सोडवते, मग वाचते. म्हणून तर इतके दिवस लागले." मग ती ओशाळून सासूकडे वळली. "आई, मला चहा-पोह्यांचंच काम द्या, चालेल. पण एक तेवढं शिकवा ना. मी करून पाहिलं तर गोंद पसरतो. पुढच्याला शेवट कळू नये म्हणून, वाचून झाल्यावर तुम्ही सगळे ही पानं इतकी सफाईने परत चिकटवता कशी?"