उत्तराचा पत्ता

"मुकुंद, साहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता," रिसेप्शनवरची नीला म्हणाली. आपण केवढे हुशार आहोत, हे मुकुंदला नुकतंच आठवलं होतं.

चाकणजवळच्या निघोज्यातल्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनायचे. कॉम्प्युटरचा सगळा कारभार मुकुंदकडे. माणसं नोकरी सोडून जायची आणि गिऱ्हाइकांची उत्तरं त्यांच्या बंद पडलेल्या मेलवर जाऊन पडायची. मालक उद्धवराव वैतागले होते. म्हणून सोमवारी मुकुंदने मेल सर्व्हरवर नियमच टाकला. इथून मेल कोणीही पाठवो, पाठवणारा म्हणून कंपनीचं नाव दिसेल आणि उत्तर थेट उद्धवरावांकडे जाईल. "एकही सुटणार नाही, साहेब," असं छाती फुगवून सांगितलंही.

मंगळवारी याच शहाण्याने हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरीचा अर्ज केला. स्वतःचा मेल होता की. पण ऑफिसच्या मेलवरून गेलं की वजन पडतं, हे त्याचं खास संशोधन. चाकणच्या ट्रॅफिकमधून पिंपळे सौदागरला पोचेपर्यंत त्याची लेक रोज झोपलेली असायची. हिंजवडी घरापासून जवळ. ती नोकरी त्याला मनापासून हवी होती. आता ती मिळो न मिळो, ही तर गेलीच. अठरा वर्षांची नोकरी, आणि घालवली कशी, तर नियम नीट चालतो याची तीनदा खात्री करून घेऊन. बायकोला, चारुलताला, काय तोंड दाखवायचं, या विचारातच तो केबिनमध्ये शिरला.

उद्धवराव प्रत्येक मेल कागदावर छापूनच वाचत. तो कागद समोरच होता.

"हिंजवडीहून उत्तर आलंय. मुलाखतीला बोलावलंय तुम्हाला. गुरुवारी अकराला."

उद्धवरावांनी कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"गुरुवार तुम्हीच मागितलात?"

"हो साहेब. गुरुवारी आपली सुट्टी असते. म्हटलं, कामाचा खाडा नको."

उद्धवराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "दुसरीकडे नोकरी बघायला लोक आजीला मारतात माझ्याकडे. रजा वाचवणारे तुम्ही पहिलेच." त्यांनी कागदाची घडी घातली. "मी त्यांना लिहिलंय, माणूस चोख आहे, बिनघोर घ्या. जाताना नीट इस्त्रीचा शर्ट घाला."

मुकुंदला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. डोळेही भरून आले, तेवढं एक बाकी होतं.

"साहेब, तो नियम आधी दुरुस्त करतो. माझी उत्तरं तुमच्याकडे येतात, ते बरं नाही दिसत."

"राहू द्या तसाच," उद्धवराव म्हणाले. "आमचा माणूस पास झाला का, ते आधी मला कळायला हवं."